कापलेली चढाई

मीरा-भाईंदरला प्रवास म्हणून कुणी जात नाही. लोक तिथं राहायला जातात, नातेवाइकाच्या लग्नाला जातात, फार तर फ्लॅट बघायला जातात. मी गेलो तीन दिवस खेळांचे फोटो काढायला शिकवायला. परत येऊन महिना उलटला तरी तो प्रवास डोक्यातून उतरत नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

मी सांगलीच्या एका दैनिकात पंचवीस वर्षं छायाचित्रकार होतो, त्यातली बहुतेक वर्षं क्रीडा पानावर. कुस्ती, कबड्डी, शाळांच्या स्पर्धा, सगळं काही. २००६ च्या नोव्हेंबरात मला एक पत्र आलं. लिहिणारीचं नाव सुजाता भुवड. पेणकरपाड्यात तिचा छोटा स्टुडिओ आहे. तिनं लिहिलं होतं, "आमच्याकडे सगळे लग्नाचे फोटो काढणारे आहेत. खेळाचे कुणालाच येत नाहीत, कबड्डीचे तर नाहीतच. आम्ही अकरा जण जमलो आहोत. तुम्ही तीन दिवस येऊन शिकवाल का? तुमचे फोटो मी पाहिले आहेत."

शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. माझे फोटो तिनं तिकडे कुठं पाहिले, हे विचारायचं मला सुचलं नाही. कौतुक करणाऱ्याची उलटतपासणी कोण घेतो? बायको एवढंच म्हणाली, "जाताय खरं, पण तिथं कुणावर ओरडू नका." माझा स्वभाव तिला ठाऊक आहे.

शुक्रवार, पेणकरपाडा

बसनं काशीमिऱ्याच्या नाक्यावर उतरवलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रिक्षावाल्याला मी हिंदीत पत्ता सांगितला, त्यानं हिंदीत भाडं सांगितलं. मग रस्ता, थंडी, महागाई असं दहा मिनिटं आमचं हिंदी चाललं. माझं हिंदी म्हणजे ऐकणाऱ्याची परीक्षाच. शेवटी त्यानं मागं वळून विचारलं, "आप किधर के?" म्हटलं, सांगली. त्यानं रिक्षाच थांबवली. "आधी बोलायचं की राव! मी जतचा!" आमच्याकडे अनोळखी माणसाशी मराठीत सुरुवात करतात आणि अडलं तर हिंदीकडे वळतात. इथं उलटं आहे, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पेणकरपाडा हा कधीकाळी पाडा होता, हे नावावरून मानायचं. आता इमारतीला इमारत चिकटलेली. मधेच एखादं जुनं कौलारू घर आणि त्याच्या अंगणात वाळत घातलेली सुकट. सुजाताचा स्टुडिओ एका इमारतीच्या तळमजल्यावर. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं एकाच दहा फुटांत. ती अठ्ठावीस-तीसची असेल. बोलायला कमी, पण समोरच्याकडे नीट बघणारी. "सर, आधी चहा," म्हणाली. अर्धाच कप चहा आला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर त्याचा अपमान होतो. इथं अर्ध्या कपाचीच पद्धत. मात्र तासाभरानं पुन्हा अर्धा येतो, आणि दिवसअखेर हिशेब सांगलीच्या पुढं जातो.

मागच्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये वर्ग भरला. काहींकडे नवे डिजिटल कॅमेरे, काहींकडे माझ्यासारखे रीळवाले. मी सगळ्यांना सांगितलं, तुमचा आवडता खेळाचा फोटो दाखवा. अकरा जणांनी मिळून चाळीसेक फोटो टेबलावर मांडले. मी चक्रावलो. नारळ फोडणारे पाहुणे, खेळाडूंशी हस्तांदोलन करणारे पाहुणे, हाताची घडी घालून रांगेत उभे संघ, चषक, हार, शाल. चाळीस फोटोंत एकही चढाई नाही, एकही पकड नाही.

"यात खेळ कुठाय?" मी विचारलं. आवाज चढला होताच.

जेसल पार्कचे केतनभाई बोलले. पन्नाशीचे, मूळचे भावनगरकडचे, वीस वर्षं लग्नं काढणारे. "सर, खेळ तो होता है ना मैदान में. पण ऑर्डर स्टेजचा असतो. मंडळवाले बोलते, पाहुणे आले पाहिजे फोटोमध्ये. प्लेयरचा कोण मागतोय?"

सगळे हसले. सुजाता हसली नाही.

दुपारी मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या असतात. त्या प्रिंटवर समोरासमोर ठेवायच्या, पुढं-मागं सरकवायच्या आणि फोटोचा हवा तेवढा भाग चौकटीत धरायचा. वर्तमानपत्रात आमचं निम्मं काम त्या पट्ट्यांवर चाले. इथं काळा पुठ्ठा मिळाला नाही, तेव्हा जुन्या लग्नपत्रिका कापून अकरा जोड्या केल्या. गणपतीचं चित्र एका पट्टीवर, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' दुसरीवर. मी रंगात येऊन शिकवलं. "पेपरात जागा दोन कॉलम मिळते. त्यात सगळं कोंबलं तर काहीच दिसत नाही. निर्दय व्हा. जे नको ते कापा."

सुजातानं विचारलं, "सर, कापलेल्याचं काय होतं?"

"काय होणार? कचऱ्यात जातं," मी म्हणालो, आणि पुढं शिकवत राहिलो.

शनिवार, जेसल पार्क

सकाळी सरावासाठी जेसल पार्कच्या मैदानावर गेलो. खाडीवरून वारा येत होता, त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास. काशीगावच्या एका मंडळाचे खेळाडू आमच्यासाठी खेळायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मंडळाची स्पर्धा होती. त्यांना घेऊन आले होते मंडळाचे चिटणीस नाना, सत्तरीचे, अंगात पांढरा सदरा आणि गळ्यात शिट्टी.

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चढाई करणारा एकटा समोरच्यांच्या अंगणात जातो. जाताना एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो. कुणाला तरी शिवून, दम न तोडता मध्यरेषेपर्यंत परत यायचं. रेषेला नुसतं बोट लागलं तरी तो सुटला, आणि ज्यांना शिवला किंवा ज्यांनी त्याला धरलं ते बाद. सात जण अंगावर पडले तरी जोवर तोंडातून कबड्डी चालू आहे तोवर त्याची पकड पुरी झालेली नसते. सगळा खेळ या एका श्वासावर आहे.

मी सगळ्यांना जमिनीवर बसायला लावलं, कारण उभ्यानं काढलेल्या कबड्डीत फक्त डोकी दिसतात. फोकस आधीच मध्यरेषेवर लावून ठेवा, फ्लॅश बंद, आणि उजवा डोळा कॅमेऱ्यात असला तरी डावा उघडा ठेवा. "चौकटीबाहेर काय चाललंय ते डाव्याला दिसतं. पुढचा फोटो तिथून येणार असतो." हे वाक्य मी वीस वर्षं शिकवत आलो आहे.

केतनभाई मांडी घालून बसायला तयार नव्हते, गुडघे दुखत होते. त्यांना खुर्ची दिली. एक जोरदार चढाई चालली होती, चढाईपटू तिघांच्या मधून निसटून रेषेकडे झेपावला, आणि केतनभाईंच्या तोंडून वीस वर्षांची सवय बाहेर पडली. "ए भाई, इधर देखो! जरा स्माइल!"

आणि त्यानं पाहिलं! थांबून, केसांवरून हात फिरवून, कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसला. दम तुटला. मागून चौघे अंगावर पडले. नानांनी शिट्टी फुंकली. "बाद! फोटो काडून घेतलास, आता बस भायेर!"

मैदानभर हशा उसळला. केतनभाईंनी कान पकडले. मीही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. पण हसणं ओसरल्यावर लक्षात आलं की त्या खेळाडूचं काही चुकलं नव्हतं. कॅमेरा समोर आला की खेळ थांबवायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं, हेच त्याला आजवर शिकवलं गेलं होतं.

दुपारी सुजातानं जेवायला घरी बोलावलं. स्टुडिओपासून चार पावलांवर दोन खोल्या. घरी तिची आई, साधारण माझ्याच वयाची. मूळ गाव गुहागरकडचं. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला, आणि तिनं घरकामं करून दोन मुलं वाढवली, हे सुजातानं वाटेत सांगितलं होतं. दोन मुलं म्हणाली, तेव्हा दुसरं कुठं आहे हे मी विचारलं नाही. दारात पाऊल टाकताच कळलं. समोरच्या भिंतीवर पंचविशीतल्या तरुणाचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार.

"माझा भाऊ, महेश," सुजाता म्हणाली. "दोन वर्षं झाली. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेला. कबड्डी खेळायचा. जिल्ह्याकडून खेळलाय."

पानं वाढली होती. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, भात. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं ही भाकरी फार सोज्वळ, पण कुळथाच्या पिठल्याबरोबर तिला तोड नाही. आई वाढत होती. मी भिंतीवरचे फोटो बघत होतो. सवयच आहे. महेश चषक घेताना, महेश हार घालून, महेश संघाबरोबर हाताची घडी घालून. सगळे तोंड मिटलेले.

"ह्यो कदी तोंड मिटून बसला न्हाय," आई म्हणाली. "सारका बडबडायचा. आनि फोटूत बघा, मुका हाय."

या सगळ्यांच्या खाली एक लहान चौकट होती. आत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. मी उठून जवळ गेलो. सांगलीचा एक खेळाडू, दात आवळून, कुणाच्या तरी कमरेला मिठी मारलेला. ज्याला मिठी मारली त्याची फक्त पाठ आणि पाय दिसत होते. खांद्यापाशी फोटो संपला होता. खाली छापलं होतं, 'ठाण्याच्या खेळाडूची भक्कम पकड करताना सांगलीचा कोपरारक्षक.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'छाया : सु. पाटणकर.'

सु. पाटणकर म्हणजे मी.

"तो पाय हाय ना, तो आमच्या मह्याचा," आई मागून म्हणाली. "गुडग्याची पट्टी बघा. फाटली व्हती, मी शिवली व्हती काळ्या दोऱ्यानं. सात टाके हायत. मोजा."

मी मोजले. छपाई खराब होती, तरी सात टाके दिसत होते.

हा फोटो मला मुळीच आठवत नव्हता. पाच वर्षांपूर्वीची आमच्याकडची आंतरजिल्हा स्पर्धा आठवत होती. पुढचं सुजातानं सांगितलं. त्या चढाईत महेश सुटला होता. तिघांनी धरलेलं असताना त्यानं फरफटत जाऊन मध्यरेषेला हात लावला, तीन गडी बाद केले. तो सामना ठाणे हरलं, पण ती चढाई त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चढाई होती. परतल्यावर त्यानं ती इथं सगळ्यांना रंगवून सांगितली. दोन दिवसांनी संघातल्या कुणीतरी सांगलीचा पेपर आणला, आणि त्यात छापलं होतं 'भक्कम पकड'.

"पोरं चिडवायला लागली," सुजाता म्हणाली. "पेपरवाले खोटं छापतात काय, म्हणायची. त्याचं नावच पडलं, 'भक्कम'. गमतीतच चालायचं सगळं. तोही हसायचा. पण घरी आला की हे कात्रण घेऊन बसायचा. म्हणायचा, इथं पुढं माझा हात आहे, यांनी कापलाय."

"आजारात बडबडायचा तवाबी त्येच," आई म्हणाली. "आये, हात लागला व्हता गं."

मला आधी राग आला, हे कबूल करतो. "म्हणजे मला यासाठी बोलावलंस तू?" मी सुजाताला म्हणालो. "सरळ पत्रात लिहायचं होतं."

ती खाली बघत नव्हती. "लिहिलं असतं तर तुम्ही आला नसता, सर. आणि मला शिकायचंय हेही खरंच आहे. माझ्या भावाचा खेळताना एक फोटो नाही. मी स्वतः फोटोग्राफर, त्याच्या किती मॅचना गेले, आणि स्टेजचे फोटो काढून आले. तुम्हाला एकट्याला कसा दोष देऊ?"

राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. शरम वाटली, साधी शरम. त्या दिवशी काय झालं असणार हे मला एका क्षणात कळलं होतं. आम्ही सामन्याला मोजून दोनच रिळं वापरायचो. रीळ छत्तीस फोटोंचं. शेवटचा फोटो झाला की मान खाली घालून नवीन रीळ भरायचं. बहुधा तो छत्तिसावा असणार. मी मान खाली घातली, तेवढ्यात पुढचं घडलं. मी पाहिलंच नाही. तिघांनी धरलाय म्हणजे पकडला, असं गृहीत धरलं. मग ऑफिसात काळ्या पट्ट्या ठेवल्या, आपल्या गावचा खेळाडू मधोमध घेतला आणि उरलेला माणूस कचऱ्यात टाकला. त्याचं नाव विचारायची तसदीही घेतली नाही.

"सर, निगेटिव्ह असेल का?" सुजातानं विचारलं.

"कापतो तो प्रिंट," मी म्हणालो. "निगेटिव्ह पूर्ण असते. छापलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह मी ठेवायचो. पण पाच वर्षं झाली. आहे की नाही, सांगता येत नाही. आणि असली तरी त्यात काय असेल, तेही सांगता येत नाही."

"काय असंल ते असूंदे," आई म्हणाली. "जेवा आदी. भात निवला."

रविवार, काशीगाव

काशीगाव हायवेला लागून आहे. एका अंगाला ट्रकांची घरघर, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि हिरवी झाडी. मधल्या मोकळ्या जागेत मैदान आखलं होतं, चुन्याच्या रेषा, भोवती बांबू, एका बाजूला शामियाना आणि स्टेज. आमच्याकडे कुस्तीच्या फडाला माणसं सकाळपासून जागा धरतात. इथं चार वाजता कुणी नव्हतं आणि साडेचारला मुंगीला शिरायला वाट नव्हती. बायकाही बरोबरीनं आलेल्या आणि ओरडण्यात पुढं. सुजाताची आई पहिल्या रांगेत जाऊन बसली. ती प्रत्येक स्पर्धेला येते, मुलगा गेल्यावरही.

सामने सुरू होण्याआधी मी अकरा जणांना बाजूला घेतलं आणि कात्रणाची गोष्ट सांगितली. सुजाताला विचारूनच सांगितली. काहीही लपवलं नाही. "परवा मी तुम्हाला कापायला शिकवलं. आज कुणी काही कापायचं नाही. चढाई सुरू झाली की ती संपेपर्यंत कॅमेरा खाली करायचा नाही. आणि ज्याचा फोटो काढाल त्याचं नाव विचारून वहीत लिहायचं."

केतनभाईंनी खिशातून लग्नपत्रिकेच्या पट्ट्या काढल्या, क्षणभर बघितल्या आणि परत ठेवल्या. खुर्ची नको म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यांनी ते जमिनीवर बसले, आणि संध्याकाळभर त्यांच्या तोंडून 'इधर देखो' निघालं नाही.

उपांत्य सामना बरोबरीत आला. शेवटची दोन मिनिटं. काशीगावचा चढाईपटू उठला, आणि नेमक्या त्याच वेळी मागं गाड्यांची दारं वाजली. प्रमुख पाहुणे आले. नाना माइकवर, "पावनं आलं हायत! फोटोवाल्या ताई, लवकर स्टेजवर या! ताई कुटं हायत?"

मंडळाची स्टेजची ऑर्डर सुजाताकडे होती. दरवर्षीची. ती रेषेच्या टोकाला पोटावर पडली होती, डोळा कॅमेऱ्यात. तिनं माझ्याकडे बघितलं. उठली असती तर चढाई गेली असती, आणि नाही उठली तर पुढच्या वर्षीची ऑर्डर.

"तू हलू नकोस," मी म्हणालो, आणि मी स्टेजकडे पळालो.

पंचवीस वर्षं मी या फोटोंना नाकं मुरडली. हारतुऱ्याचे फोटो काढायला ऑफिसनं धाडलं की घरी येऊन भांडी आपटायचो. त्या संध्याकाळी मी पाहुण्यांचा नारळ काढला, हार काढला, शाल काढली, "साहेब, जरा इकडे" असंही म्हणालो. माझी पाठ मैदानाकडे होती. मागं कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं, मग ओरडा वाढत गेला, आणि मग एकच गलका झाला. काय झालं ते मला दिसलं नाही. दुसऱ्यांदा माझ्या नशिबी तेच आलं.

नाना जवळ येऊन म्हणाले, "सायेब, तुमी कशाला? ताई न्हाय का?"

"ताई काम करतेय, नाना," मी म्हटलं. त्यांनी मैदानाकडे बघितलं. रेषेवर पडलेली सुजाता त्यांना दिसली. म्हातारा माणूस, कबड्डीत हयात गेलेली. ते पाहुण्यांना खुर्ची द्यायला गेले.

नंतर तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. चढाईपटू आडवा, मागं चौघांची माळ, चुन्याच्या रेषेवर सगळा पंजा, आणि तोंड उघडं. बाजू थोडी अंधारी होती, क्षितिज तिरपं होतं. मी शुक्रवारचा असतो तर दोन्ही चुका दाखवल्या असत्या. वहीत तिनं नाव लिहिलं होतं, चौघा पकडणाऱ्यांचीही. मी तिला एवढंच म्हणालो, "हा असाच ठेव."

निघताना आईनं सुकटीची पुडी बांधून दिली. मीच म्हणालो, "ताई, निगेटिव्ह शोधतो." ती म्हणाली, "बगा."

सांगली

ऑफिस डिजिटल झालं तेव्हा जुन्या निगेटिव्ह फेकून देणार होते. मी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून घरी आणल्या होत्या. माळ्यावर सतरा डबे. दोन डब्यांना ओल लागून फिल्मा एकमेकींना चिकटल्या होत्या. अकराव्या डब्यात बटर पेपरच्या पाकिटावर माझंच अक्षर होतं, 'कबड्डी, आंतरजिल्हा'.

ती सापडली. छत्तीस नंबरचीच होती.

डार्करूमचं पडून असलेलं सामान झाडून घेतलं, रसायनं आणली, दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून प्रिंट काढायला बसलो. कागद रसायनात हळूहळू काळा होत गेला. आधी सांगलीचा खेळाडू आला, मग सात टाके, मग जे पाच वर्षांपूर्वी मी कापलं होतं ते. खांदा, मान, चेहरा. पुढं ताणलेला हात. आणि अगदी कडेला पांढरी मध्यरेषा.

हात रेषेला लागलेला नव्हता.

चार बोटं अंतर होतं. मी भिंग लावून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. पुढच्या क्षणी लागला असेल, लागलाच असेल, पण माझ्या फोटोत लागलेला नव्हता. मी तिथंच पालथ्या बादलीवर बसलो. आता हा कागद त्या आईला कसा पाठवायचा? शेवटपर्यंत तिचा मुलगा सांगत राहिला, आणि आता माझ्याकडून पुरावा जाणार तोही असा.

मग एक विचार आला, तो लपवत नाही. डाव्या कडेची बोटभर पट्टी कापली तर रेषा निघून जाईल. नुसता चेहरा आणि ताणलेला हात राहील. पुढं रेषा कुठं आहे हे कुणाला कळणार नाही, ज्याला जे मानायचं ते तो मानेल. दयेचंच काम होतं. पट्ट्या खणात होत्या. मी खण उघडलाही.

पण कापून झालेलं नुकसान कापून कसं भरणार? मी खण लावला. प्रिंट कडेच्या काळ्या रेघेसकट पूर्ण काढला. मागं लिहिलं, 'चढाई : महेश भुवड, ठाणे.' सोबत चिठ्ठीत जे खरं ते लिहिलं. हात रेषेच्या चार बोटं अलीकडे आहे, पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि न बघता मी पकड छापली, ती चूक माझी. पाकीट टाकलं आणि आठ दिवस फोन वाजला की दचकत राहिलो.

नवव्या दिवशी सुजाताचा फोन आला. "सर, आई बोलते," म्हणून तिनं फोन दिला.

"भाऊ," आई म्हणाली, "फोटू मिळाला."

मी म्हटलं, "ताई, हात रेषेला..."

"बगितला मी. ऱ्हायलाय थोडा." मागं कुठंतरी झेरॉक्सचं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. "पन त्याचं तोंड उगडं हाय, भाऊ. कबड्डी म्हनतोय तो. दम चालू हाय त्याचा. मग पकडला कसा म्हनता?"